शब्बाथाचे दूध

‘आमच्या चीज-कारखान्यात शुक्रवारच्या संध्याकाळचे दूध शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत, म्हणजे संबंध शब्बाथभर, कोणाचाही हात न लागता उभे असते. गेल्या अकरा उन्हाळ्यांत ते एकदाही नासलेले नाही. अरण्यात इस्राएलांना आकाशातून मिळालेले अन्न, मान्ना, इतर दिवशी उरवले तर त्यात किडे पडत; शब्बाथासाठी राखलेले मात्र ताजे राहिले. ज्याने ते राखले तोच आमचे दूध राखतो. ख्रिस्ती माणसाने कोणता दिवस पाळावा, या प्रश्नाचे उत्तर आता विद्वानांनी नव्हे, दुधाने दिले आहे.’

क्लिअर क्रीकच्या सातव्या दिवसाच्या मंडळीने १८८४ च्या एप्रिलात काढलेल्या पुस्तिकेच्या तिसऱ्या पानावरचा हा मजकूर. लेखक, मंडळीचे पाळक एल्डर एल्नेथन बॅबकॉक. पाने सोळा, प्रती चार हजार. वाचक, रविवार पाळणारे सगळे जग.

अझाराया स्टिलमनने ते पान पहिल्यांदा वाचले तेव्हा हातातली पेन्सिल टेबलावर ठेवून दिली. पेन्सिलीने दुरुस्त होण्यासारखे त्यात काही नव्हते. विरामचिन्हे बिनचूक होती. सव्वीस वर्षे त्याने गावच्या शाळेत मास्तरकी केली होती आणि तितकीच वर्षे मंडळीचे इतिवृत्त लिहिले होते. त्याला ग्रीक येत होते, हिब्रू येत होते, आणि आठवड्याचा पहिला दिवस, रविवार, सातव्याच्या म्हणजे शनिवारच्या गादीवर कसकसा चढत गेला याचा शतकाशतकाने हिशेब मांडता येत होता: आधी एक सवय, मग तिचे समर्थन, मग एका सम्राटाचा हुकूम, आणि शेवटी हे सारे मुळापासूनच असे होते अशी सर्वांची प्रामाणिक समजूत. हे त्याने मंडळीच्या मासिकात नऊ लेखांत, दोनशे चौदा तळटीपांसह लिहिले होते. त्यावर एकच पत्र आले. तेही वर्गणी बंद करा असे सांगणारे. दुधाच्या मात्र चार हजार प्रती निघाल्या.

राग त्याला याचा नव्हता, किंवा याचा थोडाच होता. आज्ञा आहे म्हणून पाळायचा दिवस एकदा दुधाच्या साक्षीवर उभा केला, की पुढच्या वर्षी दूध फिरले तर दिवसही फिरवावा लागेल, हे कोणाच्याच ध्यानात येऊ नये याचा त्याला राग होता.

शिवाय पुरावा म्हणूनही तो पुरावा नव्हता. क्रीकपलीकडच्या, रविवार पाळणाऱ्या मेथडिस्ट पंथीयांचा कारखाना शनिवारी चाले आणि रविवारी बंद असे. रविवारचे दूध ते घरच्या घरी लोण्याला लावत, ते कारखान्यात उभे ठेवण्याच्या भानगडीत पडतच नसत. म्हणजे तुलना कोणाशी? एकट्याने धावून पहिला नंबर काढण्यातलाच हा प्रकार. मान्नाची उपमाही लंगडी होती. अरण्यात सातव्या दिवशी कोणी वेचायला बाहेर पडायचे नाही अशी आज्ञा होती. क्लिअर क्रीकमध्ये शनिवारी सकाळी गायी पिळल्या जात. तेही योग्यच, कारण गाय धर्मांतरित नसते, तिची कास दुखते, आणि तिला मोकळे करणे हे दयेचे काम. आता दयेतून निघालेले ते दूध कॅनमध्ये भरून उपासनेला जाणाऱ्या गाडीतच ठेवले जाई. गाडी तशीही देवळाकडे चाललेली, कारखाना देवळाशेजारीच. कॅन हे प्रवासी होते. प्रवाशांनी शब्बाथ मोडत नाही.

आणि तो आकडा. अकरा. कारखाना सुरू झाला १८७२ च्या मे महिन्यात. तेव्हापासून गेल्या सालापर्यंत बोटांवर मोजले तरी उन्हाळे बारा भरतात. बाराव्याचे, म्हणजे खरे तर पहिल्याचे, काय झाले हे अझारायाला चांगले आठवत होते. त्या जुलै-ऑगस्टात एकेक शनिवारचा अख्खा हौद सूर्यास्ताच्या आत आंबे. त्या वर्षी क्लिअर क्रीकची डुकरे जेवढी धष्टपुष्ट झाली तेवढी त्याआधी कधी झाली नव्हती, आणि त्यांची साक्ष कोणत्याही पुस्तिकेत घेतली गेली नाही.

तो एल्डरांकडे गेला.

“एल्डर, पहिल्या उन्हाळ्याचं काय?”

“तेव्हा मंडळीची श्रद्धा कच्ची होती, मास्तर.”

“आणि ती कच्ची होती म्हणून दूध नासलं?”

“तुम्ही ग्रीक फार वाचता.”

“दुधाला ग्रीक येत नाही. म्हणून तर त्याचं म्हणणं तुमच्याकडून समजून घ्यायला आलो.”

एल्डर बॅबकॉक हसले. ते लबाड नव्हते. आजाऱ्यांच्या उशाशी रात्र रात्र बसणारे, गावात कोणाचे वाईट न चिंतणारे गृहस्थ होते आणि छापलेल्या प्रत्येक शब्दावर त्यांचा विश्वास होता. अझारायाच्या रागाला म्हणूनच ऊब मिळेना. तो गारच राहिला.

“दुसरी आवृत्ती काढायची आहे,” एल्डर म्हणाले. “पलीकडच्या मेथडिस्ट पाळकांनी वर्तमानपत्रात लिहिलंय, साक्षीदार दाखवा. दाखवू की! केटुरा लँगवर्दीसारखी साक्षीदार साऱ्या पेनसिल्वेनियात मिळायची नाही. मी प्रतिज्ञापत्र लिहून ठेवलंय. तुम्ही जाऊन तेवढी सही आणा.”

यात मात्र त्यांचे चुकत नव्हते. केटुरा लँगवर्दी ही कारखान्याची चीज करणारी. विधवा, वय अठ्ठावन्न. शनिवार पाळून रविवारी ती कामाला लागे, आणि पेनसिल्वेनियाच्या कायद्याला रविवारी ऐहिक काम केलेले चालत नाही. मग तुम्ही आदल्या दिवशी हात जोडून बसला होता की नाही याच्याशी त्याला कर्तव्य नसते. सहा मैल उत्तरेला, न्यूयॉर्क राज्यात, शनिवार पाळणाऱ्यांना सूट आहे; तिथे तेच चीज त्याच दिवशी केले तर गुन्हा होत नाही. गेल्या वर्षी क्रीकपलीकडच्या कोणीतरी कागाळी केली. केटुराने दंड भरायचे नाकारले आणि कायद्याने नेमून दिलेले सहा दिवस तुरुंगात काढले. ती परत आली तेव्हा मंडळीने उभे राहून स्तोत्र म्हटले आणि तिच्या गौरवाचा ठराव देशभरच्या मंडळ्यांना धाडला. तिने त्या सभेत चारच वाक्ये बोलून दाखवली. अझारायाने इतिवृत्तात लिहिले, ‘भगिनीने प्रभूची स्तुती केली.’ ती बोलली होती तुरुंगातल्या ढेकणांबद्दल.

जूनमधल्या एका गुरुवारी सकाळी तो कागद घेऊन कारखान्यात गेला. केटुरा लांबट हौदावर वाकून बहुपाती सुरीने दुधाचा घट्ट थर कापत होती. सुरी पुढे जाई तशा मागे पांढऱ्या चौकोनांच्या ओळी उमटत आणि फटींतून हिरवट निवळी वर येई.

“या मास्तर. जोडे पुसून या, ही शाळा नाही.”

“कागद आणलाय, केटुरामावशी.”

“ते दिसतंच आहे. तुमच्या हातात कधी पाव पाहिला नाही मी. वाचा. माझे हात गुंतलेत, कान मोकळे आहेत.”

त्याने चष्मा चढवला. “‘मी, केटुरा लँगवर्दी, देवासमक्ष साक्ष देते की गेले अकरा उन्हाळे शब्बाथाच्या दुधाला सूर्यास्तापूर्वी कोणाचाही हात लागलेला नाही—’”

सुरी थांबली.

“कोणाचाही?”

“असं लिहिलंय.”

“एल्डरांनी? मला न विचारता?”

“विचारायलाच तर मला पाठवलंय.”

“छे. तुम्हाला सही घ्यायला पाठवलंय. विचारायला इतक्या वर्षांत कोणी आलेलं नाही.”

जुन्या हस्तलिखितात मधलेच एक पान कापून नेलेले असावे आणि शिवणीतला उरलेला काठ एकदम बोटाला लागावा, तसे अझारायाला झाले. वाचण्याची सवय असलेल्या माणसाला एवढे पुरते. त्याने एक पालथे पिंप ओढले आणि त्यावर बसला.

“शनिवारी किती वाजता?”

“तीनला. फार उकडत असेल तर अडीच.” तिने सुरी आडवी फिरवली. “सूर्यास्ताला चीज दाबात गेलेलं असतं. शनिवारच्या कामाला मी कधी मदतनीस मागितला नाही, हेसुद्धा कोणाला नवल वाटलं नाही. म्हणाले, केटुरा कष्टाळू आहे.”

“मावशी, याला उत्तर आहे.” तो भराभर बोलू लागला, जणू हा खटला त्याच्याच वर्गात चालला होता. “प्रभू स्वतः म्हणतो, याजक मंदिरात शब्बाथ मोडतात तरी निर्दोष असतात. खड्ड्यात पडलेलं मेंढरू शब्बाथ असला तरी वर काढावं. नासू घातलेलं दूध हे—”

“मी याजक नाही, मास्तर. आणि दूध मेंढरू नाही. ते ओरडत नाही.”

“निदान ऐकून तर घ्या!”

“ऐकलं. छान आहे. प्रत्येक कुलपाला तुमच्याकडे वचनाची किल्ली असते. पण मला या कुलपातून बाहेर पडायचंय असं कोण म्हणालं?”

मग आवाज खाली आणून त्याने तिला ठाऊक असलेल्याच गोष्टी सांगितल्या, कारण कोणीतरी त्या मोठ्याने म्हणायला हव्या होत्या. कारखान्याच्या नियमाप्रमाणे चीज करणारी व्यक्ती मंडळीतली, आणि तिच्यावर ठपका नसलेली, अशी लागते. मंडळीने तिच्यावरून हात काढून घेतला, म्हणजे तिला सभासदत्वातून वगळले, तर काम जाईल. काम गेले की कारखान्यावरच्या दोन खोल्याही. आणि देवळामागच्या दफनभूमीत तिच्या नवऱ्याच्या, अमोस लँगवर्दीच्या, शेजारची मोकळी जागा फक्त मंडळीतल्या माणसासाठी होती.

“मी एल्डरांना सांगतो, मावशींना शपथ घेणं रुचत नाही. ‘शपथ वाहूच नका’ असं वचन आहेच. त्यावर कोणी पुढे विचारणार नाही.”

“तेच तर,” ती म्हणाली. “कोणी विचारणार नाही. मग दुसऱ्या आवृत्तीत माझं नाव नसलं तरी दूध असेलच, नाही का? चार हजार घरांत. तिकडे ओहायोत कुणीतरी बिचारी शब्बाथाचं दूध तसंच उभं ठेवील, ते नासेल, आणि ती समजेल देव आपल्यावर रागावलाय.” तिने हात निवळीत बुडवून एक चौकोन उचलला, दाबून पाहिला आणि परत सोडला. “सभेत येते मी. जा आता, मला हा हौद तापवायचाय. आज गुरुवार आहे, कोणाची हरकत नसावी.”

सभा भरली पहिल्या दिवशी, म्हणजे जग ज्याला रविवार म्हणते त्या दिवशी सकाळी. मंडळीच्या कामकाजाचा तो नेहमीचाच वार. चाळीस जणांना मताचा अधिकार होता आणि त्यांतल्या बत्तीस जणांच्या गोठ्यांतले दूध कारखान्यात जाई. एल्डरांनी प्रतिज्ञापत्र वाचले. त्यांचा आवाज भरून आला होता. पहिल्या बाकावर मंडळीचे एक कारभारी, डीकन पार्डन क्रँडल, बसले होते. बावीस गायींचे मालक आणि पुस्तिकेच्या छपाईचे आश्रयदाते.

“भगिनी लँगवर्दी, पुढे येऊन सही करावी.”

केटुरा जागेवर उभी राहिली. “मला ही सही करता येणार नाही, एल्डर. मी काय करते ते विचारा, सांगते.”

अझारायाने वर पाहिले आणि त्याला एक विलक्षण गोष्ट दिसली. चाळीस माणसांपैकी एकाच्याही चेहऱ्यावर आश्चर्य नव्हते. अपवाद फक्त एल्डरांचा.

पार्डन क्रँडल घाईने उठले. “केटुरा, अगं, तू काय करतेस ते कोण विचारतंय? प्रश्न दुधाचा आहे. दूध नासलं का?”

“नाही.”

“अकरा वर्षांत एकदा तरी?”

“नाही, डीकन.”

“मग झालं तर! एल्डर, ते हात लागण्याचं वाक्य काढून टाका. ‘दूध नासलेलं नाही’ एवढंच ठेवा. शंभर टक्के खरं. हिला सही करायला हरकत नाही, आपल्याला छापायला हरकत नाही.” ते चौफेर पाहून हसले. “बायकांना विनाकारण तपशिलात शिरायची सवय असते.”

मागून कोणीतरी म्हणाले, “बरोबर आहे डीकनचं.” आणखी दोघा-तिघांनी माना डोलावल्या. अझारायाला वाचनात असले अनेक जण भेटले होते: खोट्याला हात न लावता खऱ्याचे दोन तुकडे करणारे आणि लागेल तो तुकडा दारात टांगणारे. ग्रंथांतून ते लांब झगे घालून येत. या एकाच्या बुटांना शेण लागलेले होते.

“डीकन,” केटुरा म्हणाली, “तुरुंगातले अधिकारी मला म्हणाले होते, रविवारी भट्टी विझलेली होती एवढं म्हण, सोडून देतो. तेव्हा मी खोटं बोलले नाही म्हणून तुम्ही उभं राहून गाणं म्हटलंत. आज काय झालं?”

“तो परक्यांचा कायदा होता!”

“आणि हा आपला आहे. मग तर जास्तच.”

एल्डर बॅबकॉक इतका वेळ कागद हातात धरून उभे होते. आता त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. अर्थ त्यांच्यापर्यंत सगळ्यांत शेवटी पोचला होता, आणि पोचला तेव्हा कुठेही न अडखळता पोचला. त्यांनी पुस्तिकेची एक प्रत टेबलावरून उचलली, पुन्हा ठेवली.

“भगिनी,” ते म्हणाले, “शब्बाथाच्या दिवशी, सूर्यास्तापूर्वी, तुम्ही काम करत होता काय?”

“हो.”

डीकन क्रँडल खाली बसले. “फार वाईट,” ते म्हणाले. “आम्हाला कल्पनाच नव्हती.”

मग व्हायचे तेच झाले. नियम वाचले गेले. एक जण म्हणाला, रविवारवाल्यांना कळले तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही. दुसरा म्हणाला, म्हणूनच लवकर आणि कडक निर्णय हवा. तिने पश्चात्ताप व्यक्त करून पुन्हा असे करणार नाही म्हणावे आणि प्रकरण मिटवावे, अशी सूचना आली. कारखान्याचे काय, हा प्रश्न ती सूचना करणाऱ्याच्या कपाळावर स्पष्ट लिहिलेला होता.

एल्डरांनी थकलेल्या आवाजात मजकूर सांगायला सुरुवात केली. “लिहा, मास्तर. ‘भगिनीने आपल्याकडून अनवधानाने घडलेली चूक कबूल केली व मंडळीची क्षमा मागितली.’”

अझारायाने टाक दौतीत बुडवला आणि तसाच धरून ठेवला. सव्वीस वर्षे तो असली वाक्ये लिहीत आला होता. ढेकणांच्या तक्रारीची प्रभुस्तुती त्यानेच केली होती. दोनशे चौदा तळटीपा लिहून त्याने जगातल्या समस्त धर्मपरिषदांवर आरोप ठेवला होता की त्यांनी माणसे बोलली ते लिहिले नाही, सोयीचे ते लिहिले. आणि त्या परिषदांच्या चिटणिसाच्या खुर्चीत तो स्वतःच बसलेला होता.

“अनवधानाने काही घडलेलं नाही, एल्डर. आणि क्षमा अजून कोणी मागितलेली नाही.” त्याने वहीचे नवे पान उघडले. “भगिनी लँगवर्दी, सावकाश बोला. मी शब्दन् शब्द लिहितो.”

“मास्तर, ही पद्धत नाही—” डीकन म्हणाले.

“तुम्ही म्हणता ते नंतर लिहितो, डीकन. तेही शब्दन् शब्दच.”

त्या सभेचा निकाल इतिवृत्तात नोंदलेला आहे: एकोणतीस विरुद्ध अकरा मतांनी केटुरा लँगवर्दीवरून मंडळीने हात काढून घेतला. ती महिन्याअखेरीस उत्तरेला, न्यूयॉर्क राज्यात भाचीकडे राहायला गेली. पुस्तिकेची दुसरी आवृत्ती निघाली नाही. पहिली मात्र कोणी परत मागवलीही नाही. जुलैच्या पहिल्या शनिवारी क्लिअर क्रीकच्या कारखान्यातले दूध सूर्यास्ताला तासभर असताना नासले, दुसऱ्या शनिवारीही नासले. निकालाच्या आधीच्या पानावर तिची जबानी आहे. चिटणिसाने तिच्यात एक शब्द घातलेला नाही आणि एकही गाळलेला नाही:

“शनिवारी दुपारी तीनला मी भट्टी पेटवत होते. ऊन कडक असायचं. दिवस मावळला अशी माझी कधी समजूत झाली नाही. गरज होती असंही मी म्हणणार नाही. दूध नासलं असतं तर डुकरांनी प्यायलं असतं आणि आपण सगळे जिवंत राहिलो असतो. पण पहिल्या उन्हाळ्यानंतर याच खोलीत सात घरं म्हणाली होती, असंच चालायचं असेल तर आपण रविवार धरू, निदान दूध तरी वाचेल. ते ऐकून मी घरी गेले. सातवा दिवस देवाचा आहे हे मी तेव्हा मानत होते, आज मानते. तो तुमच्या हातून सुटू नये म्हणून मी माझ्या हातून सोडला. ते पाप आहे. मी कोणाला विचारलं नाही, माझं मीच ठरवलं. लपवलं मात्र नाही. दाराला कडी नव्हती. चिमणी रस्त्यावरून दिसते. साडेतीनला शब्बाथशाळा सुटते, आणि अकरा उन्हाळे तुम्ही सगळे, मुलाबाळांसकट, त्या धुराखालून घरी जात होता. मास्तर, हेही लिहा, तुम्हीसुद्धा. डीकन क्रँडल एकदा थांबले होते. त्यांनी वर बघितलं, आणि बायकोला म्हणाले, उद्या पाऊस येईलसं दिसतंय.”